चांगल्या महिन्यातले पैसे कुणाचे?

या वेळी चारच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला बरीच जागा दिली, कारण तसलीच कितीतरी पत्रं माझ्याकडे पडून आहेत. कुणी गाणं शिकवतं, कुणी भाषांतरं करतं, कुणी घरं रंगवतं. कामं निराळी असली तरी दुखणं एकच आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान कार्यक्रमांचं चित्रीकरण करतात, मी घरी शिवणकाम करते. दोघांचंही काम आलं तर येतं, नाही तर नाही. तुम्ही नेहमी आकडे मागता, म्हणून गेल्या बारा महिन्यांत दोघांचे मिळून हातात किती आले ते काढलं. हजारांत लिहिते : ६८, १५, २२, ५४, ९, ३१, ४०, १२, ७५, २६, १८, ३८. भाडं, वीज, घरसामान, औषधं, येणंजाणं धरून घरखर्चाला १९,३०० लागतात. गाडीचा हप्ता ३,५००. क्रेडिट कार्डाचे ८०,००० थकलेत, महिना ३ टक्के व्याजाने. त्याची फक्त किमान रक्कम भरतो. शिवाय नणंदेकडून ३०,००० घेतलेत, बिनव्याजी. ती चकार शब्द काढत नाही, पण तिचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. पैसे आले की चार दिवस घर हसतं आणि मग पुन्हा उसनवारी. सासूबाई म्हणतात, तुम्हाला अंथरूण पाहून पाय पसरता येत नाहीत. खरंच आमचं चुकतंय का?
— पैशांची वाट बघणारी

उत्तर : तुमचे बारा आकडे वहीत एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली. ४,०८,००० आले. बाराने भागलं की महिन्याला ३४,०००. ही बेरीज तुम्ही कधी केली होती का? पत्रात ती नाही, म्हणून विचारते. बेरीज न करता बारा सुटे महिने जगणारी घरं मी इतकी पाहिली आहेत की पत्र हातात आलं की आधी तिथेच नजर जाते.

आता जाणारी बाजू. घरखर्च १९,३००, गाडीचा हप्ता ३,५००. कार्डाची किमान रक्कम पहिल्या महिन्यात ४,१२० च्या आसपास निघेल, ती ४,२०० धरू. झाले २७,०००. तुमच्या पत्रात वर्षातून एकदाच येणारे खर्च कुठेच नाहीत. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, कॅमेऱ्याची किंवा शिलाई यंत्राची देखभाल हे सगळं येणारच. त्याला वर्षाचे २४,००० धरते, म्हणजे महिन्याला २,०००. एकूण २९,०००. वर्षाचे ३,४८,०००.

४,०८,००० मधून ३,४८,००० गेले तर ६०,००० उरतात. तुमची कमाई अपुरी नाही. हे वाक्य तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा. अनियमित कमाईच्या घरात नवराबायको एकमेकांच्या कमाईवर आणि एकमेकांच्या खर्चावर बोट ठेवत राहतात. तुमच्या घरात दोन्हीत तसा काही दोष मला दिसत नाही.

मग ८०,००० साचले कसे? बारापैकी सहा महिन्यांत २९,००० पेक्षा कमी आले आणि सहा महिन्यांत जास्त. कमी आलेल्या महिन्यांत कार्ड पुढे केलं गेलं. जास्त आलेल्या महिन्यांत हातात पैसे दिसले, इतके दिवस अडलेली कामं आठवली, थोडी हौसही झाली, आणि पुढचा कोरडा महिना उजाडायच्या आत वरचे पैसे संपले. सासूबाईंचा मान राखून सांगते, ती म्हण पगारदारांसाठी ठीक आहे. तुमचं अंथरूण दर महिन्याला लांबी बदलतं. ६८ हजारांच्या महिन्यात पाय पसरले तर ते अंथरुणातच होते, बाहेर नव्हते. पुढच्या महिन्यात अंथरूणच १५ हजारांचं झालं. तेव्हा पाय कसे पसरलेत ते राहू द्या, अंथरूण एका मापाचं कसं करायचं ते बघू.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी सव्वीस वर्षं छोट्या व्यावसायिकांचे जमाखर्च लिहिले. माझे यजमान पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे. पैसे कधी तीन मुखपृष्ठांचे एकदम यायचे, कधी चार-चार महिने एकाचेही नाहीत. एका भरल्या महिन्यात आम्ही त्यांच्यासाठी मोठं लाकडी टेबल घेतलं. वर्षानुवर्षं जमिनीवर बसून काम करून त्यांची पाठ गेली होती, त्यामुळे टेबल हवंच होतं. पुढच्या महिन्यात मी विजेचं बिल कार्डावर भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात घरसामानही कार्डावर. काही महिन्यांनी कार्डाचा हिशोब आला तो त्याच टेबलावर ठेवून पट्टी लावून ओळ-ओळ वाचला. वर चौकटीत ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम', तिच्याखाली बारीक अक्षरांत 'एकूण देय रक्कम', आणि तिसऱ्या पानावर व्याजाचा दर. ठळक चौकटीतलीच रक्कम आम्ही दर महिन्याला भरत होतो आणि 'या महिन्याचं भरलं' म्हणून निश्चिंत होत होतो. त्या दिवशी मी खूप रडले. लोकांच्या वह्या चोख ठेवणाऱ्या माझ्या घरी हे व्हावं, याची लाज वाटली. आता वाटतं, त्यात लाजेचं काही नव्हतं. आम्ही एक गोष्ट उलटी धरली होती, एवढंच. टेबलाचे पैसे त्या महिन्याचे नव्हते. ते पुढच्या दोन कोरड्या महिन्यांचे होते, फक्त लवकर आले होते.

तुम्हालाही मला हेच सांगायचं आहे. ६८ हजार आले त्या दिवशी त्यातले २९ हजार त्या महिन्याचे. बाकीचे ३९ हजार मागून येणाऱ्या १५ आणि २२ हजारांच्या महिन्यांची अमानत आहे. दुसऱ्याची ठेव आपण जशी सांभाळतो तशी ती सांभाळायची.

ती सांभाळायला जागा वेगळी हवी. दोन खाती ठेवा. जे काही येईल, तुमच्या शिलाईचे पाचशे असोत की यजमानांचे पन्नास हजार, ते एका खात्यात उतरू दे. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही, फोनवरून पैसे देण्याच्या सोयीलाही ते जोडायचं नाही. दर महिन्याच्या १ तारखेला त्यातून दुसऱ्या खात्यात २९,००० वळवायचे. हा तुमचा पगार. घर या पगारावर चालवायचं. ७५ हजारांच्या महिन्यात २९ आणि ९ हजारांच्या महिन्यातही २९. त्यातले वर्षाच्या खर्चाचे २,००० वेगळे काढून ठेवायचे आणि ती फी किंवा ती दुरुस्ती आली की तिथूनच भरायची.

पहिल्या खात्यात पगार काढून झाल्यावरही एका पगाराएवढे, म्हणजे २९,००० शिल्लक राहतील असं बघायचं. याला आमच्या घरी 'गाठ' म्हणायचे. पूर्वी पदराला बांधायच्या तशी. पगार दिला, गाठ पूर्ण झाली, आणि तरी वर काही उरलं, तर ते त्याच दिवशी कार्डाला.

हे जमेल का ते मी तुमच्याच गेल्या वर्षावर करून पाहिलं. पहिल्या महिन्यात ६८ आले. २९ पगार, २९ गाठ, १० कार्डाला. दुसऱ्या महिन्यात १५, म्हणजे गाठीतून १४ काढले, राहिले १५. तिसऱ्यात २२, गाठ ८ वर आली. चौथ्यात ५४ आले, गाठ पुन्हा भरली आणि ४ कार्डाला गेले. मग ९ हजारांचा तो भयंकर महिना. गाठ ९ वर आली, पण पगार झाला. पुढे ३१, ४०, १२. आठव्या महिन्याअखेर गाठीत फक्त ५ हजार राहतात. इथे काळजाचा ठोका चुकेल, तरी पगाराशिवाय गाठीला हात लावायचा नाही. नवव्यात ७५ येतात, गाठ भरते आणि २२ हजार एकरकमी कार्डाला जातात. वर्षअखेर गाठीत २४ हजार शिल्लक आणि कार्डाला महिन्याच्या ४,२०० शिवाय वरचे ३६ हजार गेलेले. मधल्या काळात कार्डावर नवा एक पैसाही चढवला नाही, तर ८०,००० चे साधारण साडेअकरा हजार राहतात. तीच कमाई आणि तेच बारा महिने.

कार्डाचं गणितही एकदा शांतपणे बघा, म्हणजे किमान रकमेची भुरळ कायमची जाईल. महिना ३ टक्के ऐकायला हलकं वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. तुमच्या ८०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याजच २,४००. तुम्ही भरता त्या ४,१२० मधलं निम्म्याहून जास्त तिथेच जिरतं. किमान रक्कम व्याजासह उरलेल्या बाकीच्या ५ टक्के धरली, तर बाकी कमी होते तशी तीही कमी होत जाते. नेमकी इथेच फसगत आहे. फक्त तेवढंच भरत राहिलात तर ८० चे ४० व्हायला ३२ महिने लागतात आणि तोवर तुमच्या हातून सुमारे ९६ हजार गेलेले असतात. इतके देऊन अर्धं कर्ज अजून उभंच. उलट दर महिन्याला ठरावीक ६,००० भरले तर अठराव्या महिन्यात कर्ज संपतं आणि एकूण जातात सुमारे १ लाख ४ हजार. म्हणून म्हणते, कार्डवाले पुढे कमी मागतील तरी तुमचे ४,२०० खाली आणू नका. आणखी एक. बाकी शिल्लक असताना कार्डावर नवी खरेदी केली तर सहसा बिनव्याजी दिवसांची सवलत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. म्हणून कार्ड कपाटात ठेवा. फोनमध्ये त्याचा क्रमांक साठवलेला असेल तर तोही आजच काढून टाका.

कुणी हिशोबी माणूस म्हणेल, गाठ कशाला बांधायची? २९,००० कार्डाला दिले तर महिन्याचे ८७० वाचतील. गणित बरोबर आहे, मी ते नाकारत नाही. पण गाठ नसेल तर ९ हजारांच्या महिन्यात तेच कार्ड पुन्हा बाहेर येतं, गाडीचा हप्ता चुकतो, त्याचा दंड बसतो, आणि चार महिन्यांची मेहनत एका दिवसात पुसली जाते. माणूस तिथे मोडतो आणि सगळं सोडून देतो. पगारदाराला गाठ थोडी लहान असली तरी चालेल, तुम्हाला नाही. ८७० ही मला त्या महिन्याच्या झोपेची किंमत वाटते आणि ती मी बिनदिक्कत मोजेन.

आता नणंद. तिच्या पैशांना व्याज नाही म्हणून हिशोबाने ती शेवटी येते. पण पोटात गोळा येतो तो तिच्याच फोनने, कार्डवाल्यांच्या नाही. म्हणून तिला आधी तुम्हीच फोन करा. 'वन्सं, तुमचे पैसे विसरलो नाही. कार्डाला एकरकमी जातील तेव्हा त्यातला दहावा भाग तुमचा, आणि कार्ड संपलं की महिन्याचे ४,२०० तुमच्याकडे वळतील' असं सांगा. गेल्या वर्षाच्या आकड्यांत तिला पहिल्यांदा एकच हजार मिळाला असता. तरी तो द्या. कार्ड त्यामुळे महिनाभर लांबेल, लांबू दे. तुमच्या माहेरासासरच्या माणसांत हा हिशोब बोलून मोकळा झाला की तुमचं मन जितकं हलकं होईल, त्याचा उपयोग बाकीच्या सगळ्याला होईल.

तुम्ही विचारलंत, आमचं चुकतंय का. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या हातात वर्षाचे पैसे कापणीनंतर एकदम येतात. त्याच शेतकऱ्यांना कापणीआधी आणि कापणीनंतर बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. पैशांची ओढाताण असताना, म्हणजे कापणीआधी, त्यांची उत्तरं जास्त चुकली. माणसं तीच होती. तंगीने डोकं व्यापलेलं असताना पुढचा विचार करायला जागाच उरत नाही. म्हणून तुम्हाला विनवते, पैशांचे निर्णय ९ हजारांच्या महिन्यात घेऊ नका. पुढचा चांगला महिना आला की त्याच संध्याकाळी दोघांनी बसून दुसरं खातं, पगार, गाठ सगळं ठरवून टाका. तोवर फक्त एक करा. गाडीचा हप्ता आणि भाडं कोणत्या तारखेला जातं ते बघा आणि शक्य असेल तर दोन्ही तारखा ५ च्या पुढे सरकवून घ्या. बरेच घेणेकरी विनंती केली तर ऐकतात.

प्रश्न : ताई, माझ्यावर लहानमोठी पाच कर्जं आहेत. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, सगळी फेडून आमच्याकडून एकच घ्या, १,२०,०००, एक वर्ष, फक्त १२ टक्के 'फ्लॅट'. माझी कमाई कामाप्रमाणे, ठरलेली नाही. घेऊ का?
— एक शिक्षक, खासगी शिकवण्या घेणारे

उत्तर : तो 'फ्लॅट' शब्द तुम्ही अवतरणात लिहिलात, म्हणजे तुमच्याही मनात शंका आहे. व्याज वर्षभर पूर्ण १,२०,००० वर धरलं तर १४,४०० होतं आणि हप्ता ११,२०० बसतो. पण तुमच्याकडे १,२०,००० वर्षभर कुठे राहतात? दर महिन्याला १०,००० मुद्दल परत जातं. सरासरी काढली तर तुम्ही निम्म्याच्या जरा वर रक्कम वापरता आणि व्याज मात्र पुऱ्या रकमेवर देता. उतरत्या बाकीवर मोजलं तर हा दर २१.५ टक्क्यांच्या जवळ जातो. तुमच्या आत्ताच्या पाचांपैकी ज्यांचा दर याहून जास्त आहे तेवढीच यात घालण्यात अर्थ आहे. कमी दराचं किंवा बिनव्याजी कर्ज फेडायला हे घेऊ नका.

दर पटला तरी मला काळजी वाटते ती हप्त्याची. अनियमित कमाईच्या माणसाने मुदत लांब आणि हप्ता लहान घ्यावा आणि जादा पैसे आले की मधेच भरण्याची मोकळीक लेखी मागावी. मुदतीआधी भरल्यास दंड किती, आणि वेळेआधी भरलेल्या पैशांनी व्याज खरंच कमी होतं का, हे दोन प्रश्न विचारा. 'फ्लॅट' कर्जात कित्येकदा सगळं व्याज आधीच हप्त्यांत पेरलेलं असतं, मग लवकर फेडून फारसं काही वाचत नाही. ११,२०० चा हप्ता सुट्टीतल्या रिकाम्या महिन्यातही द्यावाच लागेल. तेव्हा सहावं कर्ज काढावं लागणार असेल तर पाच कर्जं परवडली. आणि त्या गृहस्थांना उत्तर द्यायची घाई करू नका. चांगला व्यवहार आठवडाभर थांबतो.

पाचांत आधी कोणतं फेडायचं हा प्रश्नही तुम्हाला पडेलच. सगळ्यांची किमान रक्कम भरून वरचे पैसे सर्वांत जास्त दराच्या कर्जाला देणं सर्वांत स्वस्त पडतं. पण त्यात एखादं अगदी चिल्लर, दोन-तीन हजारांचं असेल तर ते आधी मिटवून टाका. एक नाव यादीतून कमी झालं की पुढच्या महिन्यात हात आपोआप चालतो. हे मी अनेकांच्या घरी पाहिलंय, त्यासाठी थोडं व्याज जास्त गेलं तरी मी हरकत घेणार नाही. दोनाची चार मात्र करू नका, म्हणजे एकाला द्यायला दुसऱ्याकडून घेणं आजपासून बंद.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची आहे, घरून चित्रं काढून देते. खर्च लिहायला घेतला की दहा दिवसांत सुटतो. फोनवरची तीन अ‍ॅप करून झाली. लिहिलंच पाहिजे का?

उत्तर : हो, पण तू बहुधा जास्तच लिहितेस. प्रत्येक चहा, प्रत्येक भाडं लिहायला बसलं की कोणीही थकेल. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. त्या पद्धतीचं मर्म असं की आधी प्रकारवार किती खर्च करायचे ते ठरवायचं, मग झालेला खर्च त्या-त्या खान्यात टाकायचा. शंभराहून जास्त वर्षं झाली, तसल्या वह्या तिथे अजून निघतात. तू चारच खाने कर : न टाळता येणारे, टाळता येणारे, कामासाठीचे आणि अचानकचे. कामासाठीचा खाना विसरू नकोस. रंग, कागद, यंत्राची दुरुस्ती आणि कर यांचे पैसे तुझ्या कमाईत दिसतात पण ते तुझे नसतात. काम मिळालं की त्यातला ठरावीक भाग तिथल्या तिथे बाजूला काढ.

आणि रोज लिहू नकोस. आठवड्यातला एक वार ठरव, बँकेची नोंद समोर घे आणि पंधरा मिनिटांत चार बेरजा कर. एखादा आठवडा राहिला तर राहिलेलं भरून काढत बसू नकोस, पुढच्या ओळीपासून लिही. माझ्या जुन्या वह्यांत कोरी पानं भरपूर आहेत. त्या दिवसांत कोणी आजारी होतं, किंवा मीच दमले होते. त्यांच्यापुढे पुन्हा माझंच अक्षर सुरू होतं.

प्रश्न : आमच्याकडे सध्या ओढग्रस्ती आहे. मुलगी अकरा वर्षांची. तिला सांगावं की लपवावं?
— एक आई

उत्तर : तिला कळलेलं आहे, बाई. मुलांना दाराआडचं बोलणं शब्द न कळताही कळतं. आणि आकडा ठाऊक नसला की ती मनाने मोठा करतात. माझ्या लेकीने नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीची चिठ्ठी दप्तरातच ठेवली होती. तारीख उलटून गेल्यावर दप्तर धुताना ती माझ्या हाती लागली, चार घड्या घातलेली, कडा झिजलेल्या. रोज काढून पुन्हा ठेवत होती. विचारलं तर म्हणाली, 'बाबांचे पैसे आले नव्हते ना.' त्या महिन्यात गाठीत सहलीपुरते पैसे होते. तिने विचारलं असतं तर मी दिले असते, पण आमच्या घरात पैशांबद्दल बोलायचं नसतं असं ती आपणहून शिकली होती.

कर्जाचा आकडा तिला सांगायची गरज नाही, त्याचं ओझं तिचं नाही. 'काही महिने बाबांचं काम कमी असतं, तेव्हा आपण साठवलेल्यातून घर चालवतो. शाळा, जेवण, औषध कधीच थांबणार नाही. नवीन वस्तू मात्र थांबतील' एवढं सरळ सांगा, आणि थांबतील म्हटलेलं कधी सुरू होणार तेही सांगा. तिच्यासमोर एकमेकांना दोष देऊ नका. जमलं तर दर १ तारखेला घराचा पगार वळवताना तिला शेजारी बसवा. आमची लेक नंतर ते काम स्वतः करू लागली. आकडा मी सांगायची आणि ती वहीत लिहायची, शिल्लक पेन्सिलने, खाली लाल रेघ. सहलीची पुढची चिठ्ठी तिने आणून थेट त्या वहीत ठेवली.